सोळा घरं, एक साबण

गेल्या महिन्यापर्यंत माझ्या कपाटात एक अर्धी साबणवडी होती. गुलाबी, वाळून चिरा गेलेली, एका बाजूने विळ्याने कापलेली, आणि एका कोपऱ्यावर बकरीचे दात उमटलेली. निवृत्त होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात, मी ही वडी घेऊन आलो. आमची ही दर दिवाळीच्या साफसफाईत ती दोन बोटांत धरून विचारायची, "हे आता तरी फेकू का?" आणि दरवेळी मी शिडीवरून ओरडायचो, "खबरदार! सरकारी पुरावा आहे तो!"

पुरावा होताच. माझ्याच बावळटपणाचा.

मी नागपुरात जिल्ह्याच्या सांख्यिकी कार्यालयात सांख्यिकी सहायक होतो. म्हणजे नेमकं काय करतो हे मला माझ्या आईलाही शेवटपर्यंत समजावता आलं नाही. ती शेजारपाजारी सांगायची, "आमचा पोरगा मोजणीत हाय." त्यामुळे बांधावरून भांडणारी माणसं सातबारा घेऊन आमच्या ओट्यावर बसायची. त्यांना मी म्हणायचो, "मी जमीन नाही मोजत हो. मी प्रगती मोजतो." माणसं माझ्याकडे दयेने बघत निघून जायची.

पण खरोखरच मी प्रगती मोजत होतो. जगातल्या देशांनी एकत्र बसून सतरा उद्दिष्टं ठरवली आहेत, त्यांना शाश्वत विकास उद्दिष्टं म्हणतात. गरिबी नको, भूक नको, शाळा हवी, पाणी हवं, स्वच्छता हवी, आणि हे सगळं सन दोन हजार तीसपर्यंत. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर त्यांचं सतरा रंगीत चौकोनांचं पोस्टर होतं. सोळाव्या चौकोनावर कॅलेंडरचा खिळा मारलेला असल्यामुळे ते उद्दिष्ट काय होतं हे मला उशिराच कळलं. तर ठरवणारे ठरवून घरी गेले. आता ते झालं की नाही हे बघणार कोण? बघता बघता ते काम देशाकडून राज्याकडे, राज्याकडून जिल्ह्याकडे येतं, आणि शेवटी एक माणूस हेल्मेट काखेत धरून कुणाच्या तरी दारात उभा राहतो आणि विचारतो, "घरी कोणी आहे का जी?" तो माणूस म्हणजे मी, सुधाकर धकाते.

या धंद्याचं गुपित एका वाक्यात सांगतो. विकास डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्याऐवजी दिसणारी वस्तू मोजायची. ताप दिसत नाही, पारा दिसतो, तसंच. आमच्याकडे त्या पाऱ्याला निर्देशक म्हणतात. लोक हात धुतात का? हे विचारून काही उपयोग नाही. हात धूत नाही असं जगात कोणीही सांगत नाही. म्हणून आम्हाला शिकवलं होतं, विचारायचं नाही, बघायचं. "तुमच्या घरात हात धुण्याची जागा कुठे आहे, जरा दाखवता?" असं म्हणायचं, तिथे पाणी दिसतं का, साबण दिसतो का, ते डोळ्यांनी पाहायचं आणि टॅबवर खूण करायची. साबण नसेल आणि राख किंवा माती असेल तर तिलाही वेगळा कोड होता. प्रश्नावली बनवणाऱ्याने सगळ्या शक्यतांचा विचार केला होता. एक सोडून, ती म्हणजे मी.

माझी ख्याती आधीपासूनच होती. नागपूरला लागून असलेल्या वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे भाड्याच्या खोल्या आहेत, तिथे एका दारात मी विचारलं, "या खोलीत किती जण राहता?" आतल्या माणसाने उलट विचारलं, "कितने बजे?" चार खाटा होत्या. दिवसपाळीचे रात्री झोपायचे, रातपाळीचे दिवसा, दुपारपाळीचे मिळेल तेव्हा. मी प्रामाणिकपणे सगळे मोजले, तर दर खाटेला तीन माणसं आली, आणि टॅब म्हणाला, चूक आहे, परत मोजा. परत मोजेपर्यंत पाळी बदलली. रामदासपेठेत एका डॉक्टरीणबाईंना मी फ्लॅटच्या दारात "स्वयंपाक चुलीवर की गोवऱ्यांवर?" असं विचारलं, कारण प्रश्न जसाच्या तसा वाचायचा असतो. त्यांनी दार लावलं. आतून कुत्रं सोडलं की आपोआप सुटलं, हे मी शेऱ्यात लिहिलं नाही.

शेरा म्हणजे प्रश्नावलीच्या शेवटची मोकळी जागा. बाकी सगळीकडे आकडे, तिथे तेवढे शब्द. आमच्या खोब्रागडे मॅडम, म्हणजे जिल्ह्याच्या आमच्या साहेब, नेहमी बजावायच्या, "धकाते, शेरा लिहायचा तर वेगळं काही दिसलं तरच लिहा." आणि माझा घात या शेऱ्यानेच केला.

गाव सावनेरच्या पुढे. खरं नाव सांगत नाही, चिंचडोह म्हणू. खाली गाव, वर टेकाडावर एक मोहल्ला, त्यात एका ओळीत सोळा घरं. घरांना पुढे अंगण, मागे वाडगं, आणि वाडग्यांच्या मधे कमरेएवढ्या मातीच्या भिंती. सोळाच घरं असल्यामुळे सगळीच घ्यायची ठरली. मी सकाळी गाडी लावली, पहिल्या घरात नमस्कार केला आणि प्रश्न विचारला. घरच्या बाईने मला मागे न्हाणीपाशी नेलं. तिथे पाण्याने भरलेला गडवा होता, आणि दगडावर गुलाबी, सुवासिक साबण. कोपरा कुरतडलेला.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"बकरीनं खाल्लं जी. धुवा ना हात, चहा ठेवला."

मी हात धुतले, चहा घेतला, खूण केली. दुसऱ्या घरी गडवा, पाणी, साबण. कोपरा कुरतडलेला. तिसऱ्या घरीही तेच. प्रत्येक ठिकाणी हात धुतल्याशिवाय चहा नाही आणि चहा घेतल्याशिवाय सुटका नाही. आठव्या घरापर्यंत माझी बोटं न्हाऊन आलेल्या बाळासारखी सुरकुतली होती. बाराव्या घरी साबण ओला होता, तेव्हा मी कौतुकाने मनात म्हटलं, वा, आत्ताच कोणीतरी हात धुतलेत! ते कोणीतरी म्हणजे अकराव्या घरातला मीच होतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी हिशेब लागला: सोळापैकी सोळा. पाणी आहे, साबण आहे. शंभर टक्के. माझ्या नोकरीत शंभर टक्के मी फक्त "घराला छप्पर आहे का" या प्रश्नाला पाहिले होते. मी इतका हरखलो की सोळाही फॉर्मांच्या शेऱ्यात एकच वाक्य लिहिलं: 'साबणास बकऱ्यांचा उपद्रव. सर्व घरी एकसमान.'

अहवाल वर गेला. वर म्हणजे जितकं वर जाता येतं तितकं वर. चिंचडोहचा वरचा मोहल्ला आदर्श ठरला. गावाला बक्षिसाची ढाल देण्याचं घाटू लागलं. मुंबईहून एक वरिष्ठ मॅडम प्रत्यक्ष पाहायला येणार असं पत्र आलं. खोब्रागडे मॅडमनी मला आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची दिली. आणि पशुसंवर्धन खात्याने आमच्याकडे अहवालाची प्रत मागितली, बकऱ्यांच्या संदर्भात.

आणि एका मंगळवारी, कूलरच्या घोंघाटात मी डबा उघडत असताना, समोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकची पिशवी, पन्नाशीच्या आतल्या. त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या पोळीभाजीच्या बाजूला ठेवलं. कागद सुटला. गुलाबी वडी. कोपरा कुरतडलेला.

"वळखलं का जी?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "चिंचडोह! तुम्ही कितव्या घरच्या?"

"सोळाही घरची," त्या म्हणाल्या, आणि न सांगता खुर्ची ओढून बसल्या. "मी कौसल्याबाई. सरपंच हावो मी तिथली. साहेब, आमच्या मोहल्ल्यात थ्या दिवशी साबन येकच होतं. हे."

पुढे त्यांनी जे सांगितलं ते मी डब्याचं झाकण हातात धरून ऐकलं. घरोघरी लोक हात राखेनेच धुवायचे, पिढ्यान् पिढ्या. पण पाहुण्याला राख द्यायची नाही, पाहुण्याला वासाचा साबण द्यायचा, ही मोहल्ल्याची रीत. लग्नाकार्याला, सोयऱ्याधायऱ्याला म्हणून एक वडी कौसल्याबाईंच्या सासूच्या, गयाबाईंच्या पेटीत असायची. ज्याच्या घरी पाहुणा, त्याच्या घरी ती वडी जायची. त्या दिवशी सोळा घरांचा एकच पाहुणा होता, मी. मी पुढच्या दाराने शेजारी जाईपर्यंत साबण मागच्या भिंतीवरून माझ्या आधी पोचत होता. पाणीसुद्धा एकाच गुंडातलं, म्हणजे हंड्यातलं, गडवा तेवढा ज्याच्या त्याच्या घरचा.

"मग माझं चुकलं," मी म्हटलं, "पण त्यात बिघडलं काय? गावाला ढाल मिळतेय."

कौसल्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी झाकण खाली ठेवलं.

"ढालीत पानी भरता येते का जी? वरच्या मोहल्ल्याले नळ नाई. खालच्या बोरिंगवरून गुंड भरून चढाव चढा लागते. तालुक्यात नळाच्या लाईनीची यादी लागली. ज्याले पान्याची अडचन जास्त, त्याचा नंबर पयले. तुमच्या कागदावर लिहून हाय का सोळाच्या सोळा घरी हात धुवाले पानी हाय, साबन हाय. आमचा नंबर शेवटचा लागला. तिथला बाबू म्हने, अभिनंदन, तुमाले गरजच नाई."

मी डबा बंद केला.

"मागच्या उन्हाळ्यात माही सासू थ्या चढावावर गुंडासकट पडली. हात मोडला. आन् तेच सासू साबन घेऊन भिंतीवरून उड्या मारून राहिली! मी म्हनलं, आत्याबाई, खरं सांगून देऊ. थे म्हनते, पाहुन्यापुढं नाक कापून घेऊ का? नळ नाई आला तं चालन."

"पण तुम्ही सरपंच आहात ना!"

"ऑफिसात हावो जी," कौसल्याबाई म्हणाल्या. "सासूपुढं कोनी सरपंच असते का?"

मी वडी उचलली आणि त्यांना घेऊन खोब्रागडे मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. मॅडम शांतपणे सगळं ऐकून घेतात आणि मग एकच प्रश्न विचारतात. तो प्रश्न मला अजून स्वप्नात ऐकू येतो.

"धकाते, सोळा घरांत, सोळा साबणांचा, तोच कोपरा, बकरीने खाल्ला, हे तुम्हाला विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं ना मॅडम," मी म्हटलं, "म्हणून तर शेऱ्यात लिहिलं."

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. रडून की हसून, विचारायची माझी हिंमत झाली नाही. मग त्या कौसल्याबाईंना म्हणाल्या, "ताई, तुम्ही सांगितलं ते मला पटलं. पण सांगण्यावरून आकडा लिहायचा नाही हा आमचा नियम आहे, तसा सांगण्यावरून खोडायचाही नाही. पुन्हा डोळ्यांनी पाहावं लागेल. मुंबईच्या मॅडम गुरुवारी येताहेत. त्यांच्या देखत पाहू."

"थे पाह्यतील तं सोळा घरी साबन दिसन," कौसल्याबाई म्हणाल्या. "माही सासू घरीच हाय."

तेव्हा मला युक्ती सुचली. आयुष्यात सुचलेली ती बहुधा एकमेव युक्ती, म्हणून जरा मिरवतो. मी म्हटलं, "साबण एक आहे ना? मग आपण दोन्ही टोकांनी एकदम सुरू करू. मॅडम पहिल्या घरून, मी सोळाव्या घरून. एक साबण दोन ठिकाणी कसा असेल?"

खोब्रागडे मॅडम पहिल्यांदाच मला म्हणाल्या, "शाब्बास." कौसल्याबाईंनी वडी परत कागदात गुंडाळली आणि सासूच्या पेटीत गुपचूप ठेवायला घेऊन गेल्या. निघताना दारात थांबून म्हणाल्या, "तुमी गयाबाईले वळखत नाई जी."

गुरुवार उजाडला. मुंबईच्या मॅडम म्हणजे गोड बोलणाऱ्या, पायात पांढरे बूट, वहीत सगळं टिपणाऱ्या. त्या आणि खोब्रागडे मॅडम पहिल्या घरात शिरल्या. मी धापा टाकत सोळाव्या घरी पोचलो आणि प्रश्न विचारला. मनात म्हटलं, आता बघू. घरच्या बाईने मला मागे नेलं. गडवा. पाणी. आणि साबण.

मी वाकून पाहिलं. गुलाबी साबण होता, पण कोपरा शाबूत. आणि लांबीला जरा कमी. एक कड अशी सरळ, ताजी, चकचकीत, की जणू नुकतीच विळ्याने कापली आहे.

गयाबाईंनी साबणाचे दोन तुकडे केले होते.

मी पंधराव्या घरी गेलो. तेव्हा न्हाणीच्या बाजूने मागच्या भिंतीवर दोन पाय दिसले, नऊवारीचा काचा मारलेले. पाठोपाठ सत्तरीची एक म्हातारी वाडग्यात धपकन उतरली. डाव्या हाताचं कोपर वाकडं जुळलेलं, उजव्या मुठीत साबण. आमची नजरानजर झाली. तिने तोंडावर बोट ठेवलं. आता खरं तर मी तिथेच बोलायला हवं होतं. नोकरीची इतकी वर्षं, तत्त्वं, सतरा चौकोन. पण त्या म्हातारीने डोळे असे वटारले की मी वर छपराकडे पाहिलं आणि म्हटलं, "कौलं छान आहेत."

चौदावं झालं, तेरावं झालं. चहा होताच. मला धाप लागली होती, पण भिंतीपलीकडून येणारी धाप माझ्यापेक्षा मोठी होती. दुसऱ्या टोकाला तिची जाऊ धावत होती, ती कमरेला हात लावून मधेच "अवं माय वं!" करत होती. एकदा तर दोघींची कुठल्या तरी वाडग्यात गाठ पडली असावी, कारण कुजबुज ऐकू आली:

"तुही वाली बाई लवकर जाऊन राहिली वं!"

"थे चहा नाई पीत ना! नुसती हात धुते आन् निंगते!"

तिकडच्या बाजूने मुंबईच्या मॅडमचा आवाजही येत होता. त्या खोब्रागडे मॅडमना म्हणत होत्या, "या घरीही कोपरा खाल्लेलाच! मिस्टर धकातेंचं निरीक्षण किती अचूक आहे." वाईट वेळी झालेली स्तुती कशी टोचते ते मला त्या दिवशी कळलं.

शेवटी आम्ही मधल्या घरात भेटलो. ते घर होतं गयाबाईंचं. मी मागच्या दाराने, दोन्ही मॅडम पुढच्या दाराने, आणि कौसल्याबाई चुलीपाशी, पदराचं टोक दातात धरून. न्हाणीच्या दगडावर साबण नव्हता. गयाबाई स्वतः उभ्या होत्या. जावेने दिलेला एक तुकडा एका हातात, आपला दुसऱ्या हातात, केस विस्कटलेले, आणि छाती लोहाराच्या भात्यासारखी.

मुंबईच्या मॅडम हसून म्हणाल्या, "अरे वा, या घरी दोन-दोन साबण!" आणि वही उघडली.

ते दोन त्या लिहिणार होत्या. मी आधी सोळा लिहिले होते, आता सतरा होणार होते. एका साबणाचे सतरा. कौसल्याबाईंनी तोंड उघडलं, सासूकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. खोब्रागडे मॅडम माझ्याकडे बघत होत्या. चढावाखाली बोरिंगचा दांडा कुणीतरी हापसत होतं, त्याची कुरकुर वरपर्यंत येत होती.

मी पुढे झालो, म्हाताऱ्या गयाबाईंच्या हातातले दोन्ही तुकडे घेतले आणि कापलेल्या कडा एकमेकींना लावल्या. बरोबर बसल्या.

"मॅडम," मी म्हटलं, "हा एकच आहे. त्या दिवशीही हा एकच होता. मी याला सोळा वेळा मोजलं. साबण दिसला का, एवढंच मी पाहिलं. हा कोणाचा, हे मी एकाही घरी विचारलं नाही. या लोकांनी पाहुणचार केला, मी त्याची प्रगती करून ठेवली. चूक माझी आहे."

आणि मग गयाबाई बोलल्या.

"साहेबाची कायची चूक? तुमीच सांगा बाई. दारात पाहुना आला तं त्याले राखेनं हात धुवाले लावाव का?"

मुंबईच्या मॅडमनी टॅब हातात घेतला, वर-खाली केला आणि हळूच म्हणाल्या, "आजी, पण राखेलासुद्धा यात वेगळा कोड आहे. राख असं लिहिता येतं."

गयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नंतर कौसल्याबाईंकडे. नंतर पुन्हा माझ्याकडे.

"मंग हे पयले काहून नाई सांगतलं गा तुनं?" त्यांचा आवाज असा लागला की शेजारच्या घरची कोंबडी उडाली. "माहे पाय पाह्य! सोळा भिती चढली मी! राख म्हनाले काय झालं होतं तुले?"

साहेबाचा 'गा', म्हणजे 'अरे', झाला तो तेव्हा. अजून तोच आहे.

आधी कौसल्याबाई हसल्या, सासूच्या देखत, पदर तोंडात कोंबून. मग जाऊ हसली, मग खोब्रागडे मॅडम. तेवढ्यात दारातून एक करडी बकरी आत आली, सगळ्यांकडे शांतपणे बघून माझ्या हातातल्या साबणाकडे तिने मान लांबवली. तिचं नाव तहसीलदारीण, कारण ती कोणाच्याही घरात न विचारता शिरते. मी दोन्ही हात डोक्यावर धरले आणि पुरावा वाचवला. अख्ख्या मोहल्ल्यात बकरी एकच होती, हेही मला त्याच दिवशी कळलं.

मुंबईच्या मॅडमनी विचारलं, "आजी, पाणी कुठून आणता?" गयाबाई म्हणाल्या, "चाला, दाखवतो." गुंड दिला त्यांच्या हातात. पांढरे बूट चढाव उतरले आणि भरलेल्या गुंडासकट परत चढले. मधे दोनदा थांबले. वर आल्यावर मॅडमनी गुंड खाली ठेवला, वही काढली आणि कोणालाही काहीही न विचारता बराच वेळ लिहीत बसल्या. त्यांनी चहा घेतला तो तेव्हा. हात धुतले ते राखेने.

पुढे रीतसर पुन्हा मोजणी झाली. माझ्या हातून नाही, हे सांगायला नको. चिंचडोह वरच्या नंबरावरून जवळपास तळाला गेलं. आपण तळाला गेलो म्हणून गुळाचे खडे वाटणारं ते मी पाहिलेलं एकमेव गाव. ढाल रद्द झाली, यादी बदलली. मला कारणे दाखवा नोटीस आली, "एकच वस्तू सोळा वेळा नोंदवण्याचे कारण काय?" मी उत्तर लिहिलं, "प्रत्येक वेळी चहा मिळाला." खोब्रागडे मॅडमनी ते फाडलं आणि दुसरं लिहून घेतलं. वडीचे दोन तुकडे होते, एक गयाबाईंनी ठेवून घेतला आणि दाताच्या खुणा असलेला मला दिला. म्हणाल्या, "ठेव. पुढच्या वक्ती वळखाले कामी येईन."

हसत हसत सांगतो, पण एक गोष्ट हसून सांगता येत नाही. कौसल्याबाई बस पकडून आल्या म्हणून हे आकडे दुरुस्त झाले. मी तर शेकडो दारांत उभा राहिलोय. ज्या गावाहून कोणी साबण घेऊन आलं नाही, तिथले माझे आकडे अजून तक्त्यात बसले आहेत, गोलमटोल, रंगीत चौकोनात. त्यातल्या किती आकड्यांच्या मागच्या भिंतीवरून कोण उडी मारत होतं, देव जाणे.

निवृत्तीला काही वर्षं झाल्यावर, मागच्या महिन्यात कौसल्याबाईंचा फोन आला, "नळ आला जी. या." मी गेलो. मोहल्ल्यात सोळा नळ, प्रत्येक अंगणात एक, आणि प्रत्येकावर जाळीच्या पिशवीत उंच टांगलेला साबण. उंच कशासाठी हे मी विचारलं नाही, तहसीलदारीण खाली उभीच होती. गयाबाईंनी मला नळाशी नेलं.

"धू गा हात. चहा ठेवला."

मी हात धुतले. सवयीने वर पाहिलं, कोपरा शाबूत होता. गयाबाईंनी विचारलं, "तुहा अर्धा काय केला?"

"आहे ना. कपाटात जपून ठेवलाय. पुरावा म्हणून."

म्हातारीने नळ बंद केला. मग सुनेला हाक मारून म्हणाली, "कौसल्ये, आयकलं का वं? इतके वर्सं याले कोनी सांगतलंच नाई. माहा अर्धा तं मी त्याच हप्त्यात सपवला. अरे, साबन हात धुवाले असते, बापू. ठेवाले नाई."

घरी येऊन मी कपाट उघडलं. ही म्हणाली, "फेकू का?" मी म्हटलं, "नाही. बेसिनवर ठेव."

बकरीचे दात तीन दिवसांत गेले. फेस मात्र अजून छान येतो.